उसात अमोनिया वायू सोडता येईल का, आणि युरियातला अमोनिया मातीत कसा कोंडायचा

चिकोडी तालुक्यातल्या दूधगंगेकाठच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. अमेरिकेत वसंत ऋतूत ट्रॅक्टरमागे पांढरी टाकी जोडून मक्याच्या रानात अमोनिया वायू मातीत सोडतात, त्याचे व्हिडिओ त्यांनी पाहिले. तो वायू आपल्याकडे मिळेल का, फेब्रुवारीतल्या सुरू लागणीला आणि खोडव्याला, म्हणजे नुकत्याच तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या उसाला, चालेल का, असं ते विचारतात. त्यांची एक तक्रारही आहे. मार्चमध्ये एकरी ३ बॅगा युरिया टाकला, तरी दीड महिन्यानं ऊस पिवळाच दिसतो.

वायूच्या नादाला लागू नका. मात्र त्या पद्धतीत नत्र मातीत टिकवण्यासाठी जी काळजी घेतात, ती आपण युरियाला घेत नाही, आणि बऱ्याच वेळा ऊस पिवळा राहण्याचं कारण तिथंच असतं. म्हणून आधी ती पद्धत समजून घेऊ.

तिकडे वापरतात तो निर्जल अमोनिया, म्हणजे पाण्याचा अंश नसलेला शुद्ध अमोनिया. त्यात ८२ टक्के नत्र असतं, युरियात ४६ टक्के. उणे ३३ अंश सेल्सिअसला तो उकळतो, म्हणजे साध्या हवेत त्याचा वायूच होतो. द्रवरूपात ठेवायचा तर दाबाखालीच ठेवावा लागतो. ४० अंशाच्या उन्हात टाकीतला दाब २०० पीएसआयच्या वर जातो. मोटारीच्या चाकात ३० ते ३५ पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज करा. उष्णतेनं द्रव फुगतो म्हणून टाकी ८५ टक्क्यांच्या वर भरत नाहीत. टाकीतून नळीवाटे अमोनिया फणांपर्यंत येतो. प्रत्येक फणाच्या पाठीला लोखंडी नळी असते, ती मातीत १५ ते २० सेंटीमीटर खोल वायू सोडते, आणि फणामागच्या तिरक्या तव्या ती चीर लगेच बुजवतात. पद्धतीचं सगळं यश या बुजवण्यात आहे.

मातीत गेलेला अमोनिया आधी तिथल्या ओलाव्यात विरघळतो, मग त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे तो कणांना चिकटून बसतो. ओलावा नसेल तर विरघळायला जागा नाही, आणि चीर उघडी राहिली तर वायू आला त्याच वाटेनं परत जातो. रान कोरडं आणि ढेकळांचं असलं तर चीर मिटत नाही. फार ओलं असलं तर फण चिरेच्या भिंती लिंपून गुळगुळीत करतो, आणि दोन दिवसांनी वाळल्यावर ती चीर तडकून उघडते. म्हणून तिकडचा जाणता शेतकरी दोन्ही टाळतो. त्याला हवी असलेली अवस्था म्हणजे आपला वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा झाला आणि पडल्यावर फुटला, तर वाफसा. नुसता चपटा झाला तर अजून थांबा.

वायू गेलेल्या पट्ट्यात काही दिवस माती इतकी विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, होते की कोवळी मुळं जळतात. म्हणून ते पेरणीच्या साधारण ७ ते १० दिवस आधी वायू सोडतात, आणि शक्यतो फणाची रेघ पेरणीच्या ओळीला तिरकी जाईल अशी चालवतात. खतानं बी जळण्याचा हा धोका आपल्याकडेही आहे, त्याबद्दल पुढं.

आता आपल्याकडे का नको. अमोनियाची टाकी ठेवणं, भरणं, रस्त्यावरून नेणं या सगळ्याला स्फोटक सुरक्षा खात्याचा, म्हणजे पेसोचा, परवाना आणि तपासलेली दाबाची पात्रं लागतात. शेतापर्यंत अमोनिया आणून विकणारी साखळी आपल्या भागात नाही. आपल्याकडे अमोनिया असतो तो बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात आणि दूध डेअरीच्या थंडाव्याच्या यंत्रणेत. तिथून एखादं सिलिंडर मिळवून प्रयोग करावा असं कुणाच्या मनात आलं, तर ते तिथंच सोडून द्या. अमोनिया पितळ आणि तांब्याला खातो. घरगुती गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पितळी असतो, तो आतून चिरत जातो आणि कधी सुटेल ते बाहेरून कळत नाही. साधी रबरी नळीही चालत नाही.

माणसाला होणारी इजा यापेक्षा मोठी आहे. अमोनिया पाण्याला शोधतो, आणि माणसाच्या अंगात ओलं काय असतं तर डोळे, नाक, घसा, फुप्फुसं आणि घामेजलेली कातडी. डोळ्यात फवारा गेला तर काही सेकंदांत इजा सुरू होते. गळतीजवळ कुणी सापडलाच तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडायचं, नाकावर ओलं फडकं धरायचं, डोळे आणि अंग किमान १५ मिनिटं भरपूर पाण्यानं धूत राहायचं, आणि धुणं झाल्याशिवाय मलम, तेल, लिंबू काहीही लावायचं नाही. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी सुटताना तो बर्फासारखा गार असतो, त्यामुळे त्याचा पांढरा ढग जमिनीलगतच सरकत जातो. आपल्याकडे रानातच वस्ती असते, बांधावर जनावरं बांधलेली असतात, शेजारच्या सरीत बायका भांगलत असतात. मैलभर घर नसलेल्या रानातली ही पद्धत आपल्या गुंठ्यांच्या तुकड्यांत आणण्यासारखी नाही.

काही ठिकाणी पाण्यात विरघळवलेला कारखानी अमोनिया कॅनमध्ये मिळतो आणि तो पाटाच्या पाण्यात सोडायचा सल्ला दिला जातो. तोही घेऊ नका. उघड्या सरीतून वाहताना त्यातला बराच अमोनिया वाटेतच हवेत जातो. बोअरचं पाणी जड असेल तर अमोनियामुळे पाण्यातला चुना साकळतो, आणि ठिबक असेल तर ड्रिपर तुंबतात.

आता तुमच्या ३ बॅगांकडे वळू. युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासूनच बनवतात, आणि मातीत पडल्यावर त्याचा परत अमोनियाच होतो. मातीत आणि कुजत्या काडीकचऱ्यात युरिएज नावाचं विकर असतं. ते ओलावा मिळाला की युरिया फोडतं. आपल्या मार्च-एप्रिलच्या उष्णतेत हे काम दोन-तीन दिवसांत बरंचसं उरकतं. दाणा जिथं विरघळला तिथल्या बोटभर मातीचा सामू, म्हणजे पीएच, तेवढ्यापुरता आणखी वर चढतो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या काळ्या रानांचा सामू आधीच ८ च्या आसपास किंवा वर असतो. सामू जितका वर, तितका अमोनियमचा अमोनिया वायू जास्त. त्यावर दुपारचं ऊन आणि वारा आला की नत्र हवेत. अशा रानात पाण्यानंतरच्या ओलीवर युरिया फेकला आणि उघडा राहिला, तर त्यातलं पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत नत्र आठवडाभरात उडू शकतं. पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर, पडला तर त्याहूनही जास्त.

इथं एक गैरसमज काढायला हवा. २०१५ पासून देशातला जवळजवळ सगळा युरिया निंबोळी लेपाचा आहे, म्हणून तो उडत नाही असं अनेकजण समजतात. निंबोळीचा उपयोग आहे, पण पुढच्या टप्प्यावर. मातीत धरलेल्या अमोनियमचं नायट्रेट होण्याची क्रिया ती लांबवते, त्यामुळे पाण्याबरोबर होणारा झिरपा कमी होतो. युरियाचा अमोनिया होऊन तो वर उडणं ती थांबवत नाही. तेवढं काम खतावर ओढलेली मातीच करते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरातल्या हळदीवर होतं. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. एका पट्टीला धुण्याच्या सोड्याचं पाणी लावून बघा, ती विटेसारखी लाल झाली की पट्ट्या कामाच्या आहेत. आता वाफशावरच्या सरीत दोन जागा घ्या. एकीत दोन चमचे युरिया मातीवर नुसता ठेवा, दुसरीत तेवढाच युरिया चार बोटं खोल पुरून माती टाचेनं दाबा. दोन काचेचे पेले घ्या, प्रत्येकाच्या आत तळाशी ओली केलेली हळदीची पट्टी चिकटवा आणि पेले त्या जागांवर पालथे घालून काठ इंचभर मातीत दाबा. पट्टी मातीला टेकता कामा नये. वरून टोपली झाका, म्हणजे पेला उन्हानं तापणार नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बघा. उघड्या युरियावरची पट्टी तांबूस होत जाते, पुरलेल्यावरची पिवळी राहते किंवा फार उशिरा बदलते. पट्टी वाळली तर काढून परत ओली करा, कोरड्या कागदावर रंग उठत नाही. एकरी ३ बॅगांतलं किती गेलं हे त्यावरून मोजता येणार नाही, पण जातं ते दिसतं. घरच्या मंडळींना आणि मजुरांना खत पुरायचं कष्ट का घ्यायचे, हे समजावायला यापेक्षा सोपं काही नाही.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १०० किलो, हा पाया धरून हिशोब सांगतो. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत २०.७ किलो नत्र असतं. ५० किलोच्या डीएपीत ९ किलो. लागणीला दहावा हिस्सा नत्र द्यायचं असतं, ते एका डीएपीतच बसतं, तेव्हा वेगळा युरिया लागत नाही. ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, म्हणजे २ बॅगा युरिया. १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान दहावा हिस्सा, म्हणजे अर्धी बॅग. मोठ्या भरणीला, म्हणजे बुडख्याला माती चढवताना, उरलेलं ४० टक्के, पुन्हा २ बॅगा. मिळून साडेचार बॅगा युरिया आणि एक डीएपी, सव्वाशे-दीडशे किलो नत्राची गरज नाही. स्फुरद आणि पालाश माती परीक्षणाप्रमाणे घ्या. रयत संपर्क केंद्रात मातीचा नमुना देता येतो, आणि संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्रात उसावरच काम चालतं. सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर नत्र कमी करायला वाव असतो.

हप्ते कशाला, अमेरिकेत एकदाच देतात ना, असा प्रश्न येईल. तिथलं मक्याचं पीक चार-पाच महिन्यांचं, आणि वसंतात जमीन गार असते, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट सावकाश होतं. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या मातीत ते दोन-तीन आठवड्यांत होऊन जातं. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही. जास्त पाण्यानं ते मुळांच्या खाली जातं, आणि पाणी तुंबलेल्या रानात त्याचा वायू होऊन उडतं. बारा महिन्यांच्या उसाला एकदाच खत दिलं तर पहिल्या दोन महिन्यांत फुटव्यांना लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त नत्र मातीत पडून राहतं आणि वाया जातं.

आता रानात प्रत्यक्ष कसं करायचं. सरी ४ फुटांची असेल तर एकरात १०,८९० फूट लांबीची सरी बसते. २ बॅगा, म्हणजे ९० किलो युरिया त्यावर वाटला तर दर १०० फुटांना सुमारे ८२५ ग्रॅम येतो. साडेचार फुटांच्या सरीला ९३० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, कारण कुरी, म्हणजे खत पेरायचं अवजार, लावायची ती याच्यावरून. कुरीच्या नळीखाली प्लास्टिकची पिशवी बांधा, १०० फूट बैल चालवा, पिशवी तराजूवर टाका. कमी-जास्त आलं तर चाड्यावरची मूठ किंवा यंत्राचं भोक बदला आणि परत मोजा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. हे मोजमाप न करता सोडलेल्या खतात एका टोकाला काळपट हिरवा ऊस आणि दुसऱ्या टोकाला पोतं संपलेलं, असं होतं.

पाणी देऊन वाफसा आला की कुरी चालवायची. काळ्या रानात उन्हाळ्यात पाण्यानंतर वाफसा यायला चार ते सहा दिवस लागतात, मुरमाड रानात दोन-तीन. खत बेटापासून, म्हणजे उसाच्या फुटव्यांच्या झुबक्यापासून, १० सेंटीमीटर, साधारण अर्धी वीत, बाजूला आणि ८ ते १० सेंटीमीटर खोल पडावं. बेटाला खेटून चालवलं तर नवीन मुळं तुटतात, आणि जवळ पडलेल्या खतातला अमोनिया त्यांना जाळतो. कुरीमागे फळी किंवा साखळी ओढत ठेवा, म्हणजे रेघ तिथल्या तिथं बुजते. रेघ बुजवायला दुसऱ्या दिवशी माणसं लावू असं म्हणू नका, रात्रीतला दवही युरिया फुटायला सुरुवात व्हायला पुरतो. नळी अधूनमधून तुंबते, विशेषतः सकाळच्या दमट हवेत, कारण युरिया ओल धरतो. मागे चालणाऱ्यानं दर सरीच्या टोकाला नळीतून दाणे पडतात का ते बघितलंच पाहिजे. युरियात सुपर फॉस्फेट मिसळायचं असेल तर रानात आल्यावर आणि तासाभरात संपेल इतकंच मिसळा. ही दोन खतं रात्रभर एकत्र ठेवली की चिखल होतो.

कुरी नसेल, ऊस तीन फुटांवर गेलेला असेल, तर बोधाच्या, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या वरंब्याच्या, पोटात कुदळीनं ओढून, खत टाकून, माती परत ओढायची. मजुरी जाते हे खरं. पण २ बॅगांतलं अर्ध्या बॅगेच्या वर नत्र वाचत असेल, तर पुढच्या हप्त्यात तेवढा युरिया विकत घ्यावा लागत नाही, आणि ऊस एकसारखा येतो. या कामावर मजुरी घालणं मला रास्त वाटतं, आणि जागा चुकवून जास्त युरिया टाकणं नाही.

पुरणं जमतच नसेल आणि फेकायचाच असेल, तर नंतर लगेच पाणी द्या. साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाणी मुरलं की युरिया विरघळून तीन-चार इंच खाली जातो, आणि खाली गेलेला अमोनिया सहज वर येत नाही. पण क्रम उलटा करू नका. पाणी देऊन ओल्या सरीत युरिया फेकणं ही सगळ्यात वाईट वेळ, आणि आपल्याकडे सर्रास तेच होतं. रात्री थ्री फेज असेल तर युरिया संध्याकाळी टाका आणि त्याच रात्री मोटार चालू करा. सकाळी टाकून लाइट परवा येईल या भरवशावर ठेवू नका. पाटपाण्यात पाण्यासोबत युरिया वाहून सरीच्या शेवटाला गोळा होतो, म्हणून पाणी सोडण्याआधी बारे, म्हणजे एका वेळी भिजवायचे सरीचे तुकडे, लहान करा, आणि युरिया सरीच्या पोटात नव्हे तर बेटाच्या बाजूनं पसरा.

ठिबक असेल तर हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. वरच्याच साडेचार बॅगा, म्हणजे २०० किलोच्या आसपासचा युरिया लागणीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून २४ आठवड्यांत वाटला तर दर आठवड्याला साडेआठ किलोच्या आसपास येतो. सुरुवातीला कमी आणि फुटवे येताना जास्त असा बदल करता येतो. युरिया पाण्यात विरघळताना पाणी गार पडतं आणि विरघळणं मंदावतं, म्हणून १ किलोला ४ ते ५ लिटर पाणी घ्या आणि अर्धा तास ढवळत ठेवा. आधी नुसतं पाणी, मधल्या वेळेत खत, शेवटची २० ते ३० मिनिटं पुन्हा नुसतं पाणी. शेवटच्या पाण्यानं नळ्या धुतल्या जातात आणि युरिया पृष्ठभागावरून खाली ढकलला जातो. ते पाणी चुकवलं तर ड्रिपरखालच्या ओल्या चकतीवरूनच नत्र उडत राहतं.

खोडव्याला आपल्याकडची पहारीची पद्धत ही अमेरिकेतल्या फणाची हातानं केलेली आवृत्तीच आहे, आणि ती मला सगळ्यात पटते. ऊस तुटून गेल्यावर १५ दिवसांच्या आत पहिला अर्धा हप्ता, आणि साधारण १३५ दिवसांनी दुसरा अर्धा. पहार बेटापासून १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटीमीटर खोल मारायची, दर फुटाला एक भोक. पहिला हप्ता बेटाच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. पाचट सरीत तसंच पसरलेलं राहतं, त्याच्यामधून पहार घुसते. म्हणून पाचट जाळायचं कारण उरत नाही.

पहिल्या हप्त्यात एकरी ५० किलो नत्र, म्हणजे १०९ किलो युरिया धरला तर एका भोकाला १० ग्रॅम युरिया पडतो. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश मिसळलं की मिश्रण २५ ते ३० ग्रॅमपर्यंत जातं. अंदाजानं चिमूट टाकू नका. प्लास्टिकच्या बाटलीचं एक टोपण घ्या, तयार मिश्रणानं ते २० वेळा सपाट भरून एका पिशवीत जमा करा, वजन करा, २० नं भागा. भोकाला दोन टोपणं की तीन, ते तिथंच ठरतं. खत टाकल्यावर भोकावर पाय दाबून ते बुजवायचं, हे काम मजूर घाईत सोडतात आणि सगळं मुसळ केरात जातं. उघडं भोक म्हणजे खतावर ठेवलेली चिमणीच. एक माणूस पहार मारायला, एक खत टाकायला आणि एक नुसतं बुजवायला ठेवा. खत टाकून झालं की हलकं पाणी द्या.

पाचट कुजवायला जो युरिया वापरतात त्याचा हिशोब वेगळा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. पाचटात युरिएज भरपूर असतं, म्हणून हा युरिया टाकल्यावर त्याच दिवशी पाणी द्यावं लागतं, आणि शक्य तेवढं पाचट सरीत दाबून ओलं राहील असं बघावं. हा युरिया पिकाच्या हप्त्यात मोजू नका.

खतं बदलून काम भागेल का, असंही विचारलं जातं. अमोनियम सल्फेट उडत नाही असा समज आहे. आम्लधर्मी रानात तो खरा आहे, पण चुनखडीच्या काळ्या रानात नाही. तिथं सल्फेट चुन्याशी जोडलं जातं आणि मागे अमोनियम कार्बोनेट उरतं, ते युरियासारखंच उडतं. म्हणजे अथणी, रायबाग, कागवाड पट्ट्यातल्या पांढऱ्या खड्यांच्या रानात अमोनियम सल्फेटही पुरूनच द्यायचं. त्यातलं गंधक मात्र उसाला उपयोगी पडतं. रान चुनखडीचं आहे का हे बघायला मातीवर दोन थेंब सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, फेस आला तर आहे.

बेळगाव-खानापूरकडची तांबडी रानं याच्या उलट आहेत. तिथं सामू कमी असल्यानं उडणं कमी, पण मातीची अमोनियम धरायची ताकदही कमी, आणि पाऊस जास्त. तिथं हप्ते लहान आणि जास्त करावेत. सामू वाढवायला चुना टाकत असाल तर चुना आणि युरिया किंवा डीएपी एकत्र मिसळू नका, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. एकत्र केलं की पाटीतूनच नाकाला झोंबणारा वास येतो, तो तुमच्या पैशाचा वास आहे.

मघाशी बी जळण्याचं सांगितलं होतं. लागणीच्या वेळी डीएपी सरीत टाकून त्यावर थेट कांडी ठेवू नका. खतावर दोन इंच माती ओढा, मग कांडी. डीएपीतूनही अमोनिया सुटतो, आणि काळ्या रानात तो कांडीच्या डोळ्याजवळ साठला तर डोळा कुजल्यासारखा काळा पडतो. बियाणं खराब होतं म्हणून न उगवलेल्या जागी जी नांग्या भरणी करावी लागते, तिच्यातला काही भाग या चुकीचा असतो. उन्हाळी मका किंवा ज्वारीच्या बियाला युरिया चिकटून पडला तर हेच होतं.

आता तुमचा ऊस पिवळा का, हे बघू. आणखी युरिया टाकण्याआधी पानं पाहा. खालची जुनी पानं टोकापासून पिवळी पडत वाळत असतील आणि वरची हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. कृष्णाकाठच्या चुनखडी आणि खारवट रानात खोडव्याला हे फार होतं, आणि त्यावर युरिया टाकून काहीच होत नाही. तिथं ०.५ टक्के फेरस सल्फेटमध्ये ०.१ टक्का सायट्रिक आम्ल घालून फवारा, म्हणजे १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम आणि १० ग्रॅम, आणि दहा-पंधरा दिवसांनी परत. नवीन पानं सगळीच फिकट आणि शिराही फिकट असतील तर गंधकाकडे बघा. आणि सरीत पाणी साचून मुळं काळी पडली असतील तर आधी निचरा करा, गुदमरलेल्या मुळाला कुठलंच खत घेता येत नाही.

जुनी पानं पिवळी असतील तर तुमच्या ३ बॅगांतलं ६२ किलो नत्र सगळं मेलेलं धरू नका. तिसरा हिस्सा गेला असं मानलं तरी ४० किलोच्या आसपास मातीत आलेलं आहे, आणि पहिल्या मोठ्या हप्त्याला तेवढंच लागतं. म्हणून घाबरून परत ३ बॅगा टाकू नका. पुढच्या पाण्यानंतर वाफसा येईल तेव्हा एकरी एकच बॅग कुरीनं पेरा आणि रेघ बुजवा. उरलेल्या २ बॅगा भरणीला ठेवा. भरणी मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाचा पाऊस जोर धरण्याआधी उरका. एकदा काळं रान भिजलं की पंधरा दिवस आत पाय ठेवता येत नाही, आणि मग खत वरूनच फेकावं लागतं. भरणीचं खत बोधाच्या पोटात, बेटाच्या दोन्ही बाजूंना पडेल आणि त्यावर माती चढेल असं बघा. त्यानंतर युरिया बंद. जुलै-ऑगस्टमध्ये उशिरा दिलेल्या नत्रानं ऊस हिरवा आणि कोवळा राहतो, वाऱ्या-पावसात लोळतो, आणि तोडीला आला तरी साखर उतारा कमी लागतो.